गोव्याच्या सहलीत हॉट स्टोन मसाज घेण्यापूर्वी करावयाची तयारी

गोव्याच्या सहलीत एखादी संध्याकाळ हॉट स्टोन मसाजसाठी राखायची असेल, तर सर्वांत आधी दिवस विचारपूर्वक निवडावा. दुपारभर समुद्रावर राहून त्याच संध्याकाळी स्पामध्ये जाऊ नये, कारण उन्हाने होरपळलेल्या त्वचेला तापलेला दगड सोसत नाही. मी पहिल्या खेपेस कळंगुटच्या किनाऱ्यावरून थेट गेलो होतो आणि पहिलाच दगड खांद्याला टेकताच मसाज थांबवावा लागला. तेव्हापासून मी ऊन लागण्यापूर्वीचा, म्हणजे पोहोचल्याचा दिवसच निवडतो. मात्र मुंबई-पुण्याहून रात्रभर बसने बसून आल्यावर एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा किंवा ऊब जाणवत असेल, तर ती शिरेत झालेली रक्ताची गाठ असू शकते. अशा वेळी पाय चोळून न घेता आधी डॉक्टरांना दाखवावे.

या मसाजात बहुधा बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्याच जातीचे, गुळगुळीत गोटे वापरतात, कारण हा दगड घट्ट असतो आणि उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. हाच गुण निष्काळजीपणात धोक्याचा ठरतो. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली वस्तू त्वचेला टेकून राहिली तर काही सेकंदांत भाजते, आणि त्याहून कमी तापलेला दगडही एकाच जागी बराच वेळ राहिला तर इजा करू शकतो.

म्हणून तयारीचा सर्वांत मोठा भाग आपल्या प्रकृतीचा प्रामाणिक आढावा घेण्याचा आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेली असेल तर चटका बसत असूनही तो कळत नाही, आणि दगड फार गरम आहे हे सांगणारे दुसरे कोणी तिथे नसते. हे कारण मला इतर सर्व कारणांपेक्षा गंभीर वाटते. गर्भारपण, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, फुगलेल्या शिरा, ताप किंवा त्वचेवरील जखम यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ ठरवू नये. त्वचेवर औषधाची पट्टी लावलेली असेल तर तेही विचारावे, कारण काही पट्ट्यांतील औषध उष्णतेने अधिक वेगाने शरीरात जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात तापलेल्या शिळेवर झोपवून शेक देण्याचा ‘अश्मघन’ हा प्रकार सांगितला आहे, आणि त्याच अध्यायात नित्य मद्य घेणारे, गर्भवती आणि मधुमेही यांना स्वेदन, म्हणजे घाम आणणारा शेक, वर्ज्य मानले आहे. सहलीतल्या मोकळेपणात दुपारी बिअर किंवा फेणी घेतली असेल, तर त्या दिवशीचा मसाज रद्दच करावा.

फोनवर वेळ घेताना नुसता दर विचारून थांबू नये. दगड तापमान दाखवणाऱ्या पाण्याच्या हीटरमध्ये तापवतात का, प्रत्येक ग्राहकानंतर ते धुऊन निर्जंतुक करतात का, आणि थेरपिस्टने या मसाजाचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे स्पष्ट विचारावे. दगड मायक्रोवेव्हमध्ये किंवा शेगडीवर तापवतात असे उत्तर आले तर तिथे जाऊ नये, कारण अशा दगडाच्या तापमानाचा भरवसा देता येत नाही. थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष, आणि तीळ, बदाम किंवा शेंगदाण्याच्या तेलाची ॲलर्जी आहे का, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.

मसाजच्या आदल्या दिवसापासून वॅक्सिंग किंवा दाढीसारखे त्वचा सोलवटणारे काही करू नये, आणि त्या दिवशी दुखऱ्या भागावर बाम किंवा मलम चोळू नये. भरपेट जेवणानंतर किमान दीड-दोन तास जाऊ द्यावेत आणि पाणी पुरेसे प्यावे. मंगळसूत्र, साखळी, जोडवी आणि घड्याळ खोलीवरच सुरक्षित ठेवावे, कारण धातू तापतो. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावून जावे आणि तेल लागले तरी चालतील असे सैल सुती कपडे घालावेत.

टेबलावर पालथे होण्यापूर्वी पहिला दगड आपल्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवून पाहण्याची विनंती करावी, कारण रोज गरम दगड हाताळणाऱ्या थेरपिस्टच्या तळव्याला जे कोमट वाटते, ते आपल्या पाठीला चटका देऊ शकते. दगड एका जागी ठेवून द्यायचा असेल तर त्याच्या आणि त्वचेच्या मध्ये टॉवेलची घडी असावी, हे आधीच ठरवून घ्यावे. चटका जाणवताच, संकोच न करता आणि पुढच्या क्षणाची वाट न पाहता, ‘दगड उचला’ असे मोठ्याने सांगावे.

मसाज झाल्यावर एका कुशीवर वळून सावकाश उठावे, दोन मिनिटे टेबलावर बसून राहावे, पाणी प्यावे, आणि अंग सैलावलेले व तळवे तेलकट असताना भाड्याची दुचाकी न चालवता टॅक्सीने हॉटेलवर परतावे.