नागरी मंच चालवताय? मतदार नोंदणीपासून हरकतींपर्यंत या चुका टाळा

महापालिकेची प्रारूप मतदार यादी लागली त्याच आठवड्यात आम्ही सोसायटीच्या फाटकापाशी टेबल टाकलं. दोन रविवार बसलो, 63 अर्ज भरून घेतले, फोटो चिकटवले, पत्त्याचे पुरावे जोडले. सोमवारी गठ्ठा घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलो, तर तिथल्या बाईंनी वरचा एक अर्ज पाहून सगळे परत केले. "नवीन नाव इथे चढत नाही हो. ही यादी आम्ही नुसती फोडलीय." त्यांचं बरोबर होतं. या गोष्टी टेबल टाकण्याआधी माहीत असत्या तर त्या 63 जणांचे हेलपाटे वाचले असते, म्हणून हे लिहितो आहे.

नागरी गटांत उत्साह भरपूर असतो. घोळ होतो तो तारखेचा आणि टेबलाचा: कोणतं काम कधी करायचं, आणि कोणासमोर.

प्रभागाची यादी वेगळी नसते

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. पण मतदारांची नोंदणी हा आयोग करत नाही. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाकडून जशीच्या तशी घेतली जाते आणि एका ठरलेल्या तारखेची यादी प्रभागवार विभागली जाते. 2025-26 च्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्या दिवशी विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर प्रभागाची यादी लागल्यावर कितीही अर्ज भरा, उपयोग नाही.

मग प्रारूप यादीवर हरकत घ्यायची कशाला? तिथे खरं काम असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. एकाच इमारतीची 'अ' विंग आपल्या प्रभागात आणि 'ब' विंग नाल्यापलीकडच्या प्रभागात, असं होतं. विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीतून गळतं. लेखनिकाच्या चुका असतात. यादी आली की आपापलं नाव शोधून थांबू नका. एकेक इमारत घ्या, पहिल्या मजल्यापासून शेवटच्यापर्यंत नावं लावून बघा. अख्खी विंग सरकली असेल तर ते असंच दिसतं. हरकतीसोबत इमारतीचा साधा नकाशा आणि प्रभागाच्या हद्दीचं वर्णन जोडा, म्हणजे स्थळ पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारत फिरावं लागत नाही.

विधानसभेच्या यादीत नवीन नावांसाठी मात्र वर्षभर खिडकी उघडी असते. पूर्वी फक्त 1 जानेवारीला 18 पूर्ण झालेल्यांचा विचार व्हायचा. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि 17 पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. म्हणून नोंदणीचं टेबल निवडणुकीच्या तोंडावर फाटकापाशी टाकण्यापेक्षा बारावीचे निकाल लागल्यावर, जूनमध्ये, कॉलेजच्या दारात टाकलं तर जास्त फळतं.

सगळ्यांना नमुना 6 वाटू नका

ही चूक मी प्रत्येक गटात पाहिली आहे. माणूस साताऱ्याहून किंवा लातूरहून येऊन पंधरा वर्षं शहरात राहतो, गावच्या यादीत नाव तसंच असतं, आणि आपण त्याच्या हातात नमुना 6 देतो. हा अर्ज पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. आपलं नाव दुसरीकडे कुठेही नाही, असं त्यात सहीनिशी लिहून द्यावं लागतं. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असणं कायद्याला मान्य नाही, आणि खोटं निवेदन केलं तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या माणसाचा हेतू चांगला, आपलाही चांगला, पण कागदावर सही त्याची असते.

स्थलांतर, पत्त्यातला बदल, नावातली दुरुस्ती, हरवलेलं ओळखपत्र या सगळ्यासाठी नमुना 8 आहे. टेबलावर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारा, "याआधी कुठे मतदान केलंय?" गावाकडे केलं असेल तर नमुना 8. जुन्या ओळखपत्राचा क्रमांक लिहिला की गावचं नाव कमी होऊन इथे येतं. काहींना गावची नाळ तोडायची नसते, ग्रामपंचायतीला मत द्यायचं असतं. तो निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा, आग्रह करू नये.

गठ्ठ्यानं अर्ज देण्याचा मोह टाळा. संस्थेनं किंवा सचिवानं एकगठ्ठा दिलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत, असा भारत निवडणूक आयोगाचा नियमच आहे. घरातल्या घरात एकानं सगळ्यांचे दिले तर चालतात. गटानं माणसाला त्याच्याच मोबाइलवरून अर्ज भरायला मदत करावी आणि संदर्भ क्रमांक त्याच्याकडे राहू द्यावा.

नमुना 7, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, याबाबत माझं मत कडक आहे. गटानं तो मोहीम म्हणून कधीही हाती घेऊ नये. "फ्लॅट बंद असतो" एवढ्यावरून शेजाऱ्याचं नाव काढायला निघालेली मंडळी मी पाहिली आहेत. तो माणूस मुलाकडे चार महिने गेलेला असतो, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत फिरतो. निधन झालेल्यांची नावं घरच्यांच्या संमतीनं कळवा, तेवढं पुरे.

मतदानाच्या दिवशीची अफवा

दर निवडणुकीला एक संदेश फिरतो: यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मागा. हे खोटं आहे. यादीत नाव नसेल तर कोणतंही कार्ड दाखवून मत देता येत नाही. प्रदत्त मत असतं, पण ते वेगळ्या प्रसंगासाठी: यादीत नाव आहे आणि आपल्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय, तेव्हा. त्याच संदेशात पुढे अशी मतं 14 टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं असं लिहिलेलं असतं, त्यालाही आधार नाही. गटाच्या समूहावर हा संदेश आला की लगेच खाली खुलासा टाका, कारण लोक त्या भरवशावर यादी तपासायचं सोडून देतात.

उलट बाजूही सांगा. ओळखपत्र हरवलंय पण यादीत नाव आहे, तर आयोगानं मान्य केलेलं दुसरं छायाचित्र ओळखपत्र चालतं. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत एका प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचं असतं. एकच बटण दाबून वळणाऱ्या आजी-आजोबांना हे आदल्या दिवशी समजावून सांगणं, हे गटाचं फार मोलाचं काम आहे.

निवेदन दिलं, पोच घेतली का?

साहेबांना पुष्पगुच्छ आणि निवेदन देतानाचा फोटो असतो, आवक क्रमांक नसतो. मग तीन महिन्यांनी विचारायला गेलं की टपालात शोधाशोध. दोन प्रती न्या, आवक कक्षात शिक्का, तारीख आणि क्रमांक दुसऱ्या प्रतीवर घ्या, आणि मगच साहेबांना भेटा. त्याआधी, तक्रार रस्त्याची असेल तर तो रस्ता कोणाचा आहे हे पाहा: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा.

माहिती अधिकारात तक्रार लिहू नका. "रस्ता का उखडला?" याला उत्तर येत नाही. एखाद्या गोष्टीचं कारण विचारणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) पानं, दोष दायित्व कालावधी किती, ते मागा. दोष दायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते, आणि एवढ्या एका कागदावर काम हलतं. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. फी 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. बहुतेक अर्ज इथेच मरतात, अपीलाची तारीख कुणी लिहून ठेवलेली नसते.

छापील हरकतीचा कागद

विकास आराखड्यावर हरकती मागवल्या की एकच मजकूर छापून पाचशे सह्या घेतल्या जातात. प्रशासन त्या एका मुद्द्यात मोजून मोकळं होतं. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा 2015 मध्ये आला, तेव्हा लोकांनी बोट ठेवून दाखवलं: हा रस्ता उभ्या इमारतीतून गेलाय, ही वारसा वास्तू नकाशात नाही. हजारो हरकती आल्या आणि एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा मागे घेऊन नव्यानं करायला लावला. म्हणून पाचशे सह्यांऐवजी पन्नास हरकती लिहा, प्रत्येकीत स्वतःचा भूखंड, स्वतःची गल्ली. मुदत जाहिरातीतच दिलेली असते. सुनावणीचं पत्र आलं की जाच, कारण न आलेल्याची हरकत सहज बाजूला पडते.

अंदाजपत्रकाचंही तसंच. फेब्रुवारीत आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडल्यावर पदपथाची मागणी करणं म्हणजे वरातीमागून घोडं. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून छोटी कामं सुचवून घेते, आणि ते अर्ज पावसाळ्यातच मागवले जातात. आम्ही आता जुलैत पाऊस चालू असतानाच गल्लीगल्लीत फिरतो. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं. फोटो, जवळच्या दुकानाचं नाव, अंदाजे लांबी लिहितो, आणि अर्ज ज्या दिवशी घ्यायला लागतात त्याच दिवशी देऊन पोच घेतो.