या चुका टाळा: पिल्लू मुद्दाम घाण करत नसतं

‘कुत्र्याचं पिल्लू आणून पंधरा दिवस झाले, शी-शू बाहेर करायला अजून शिकत नाही हो.’ असं कुणी म्हणालं की मी उलट एकच विचारते, खायला किती वाजता देता? उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: ‘वाडगा भरून ठेवतो, हवं तेव्हा खातं.’ मग हवं तेव्हा, हवं तिथे शीसुद्धा होणारच की.

खाण्याचा वाडगा आणि फरशीवरची घाण ही दोन वेगळी प्रकरणं समजणं, ही माझ्या मते मुळातली चूक. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. माणसातही हे होतं, पण पिल्लात फार लवकर दिसतं. खाल्ल्यापासून पाच मिनिटं ते अर्धा तास, एवढ्यात बहुतेक पिल्लांना लागतेच. म्हणजे खाण्याची वेळ तुमच्या हातात असली की शीची वेळही बऱ्यापैकी हातात येते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला मी दिवसातून चार वेळा देते, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा. वीस मिनिटांनी वाडगा उचलायचा, उरलं असलं तरी. ‘बिचारं उपाशी राहील’ म्हणणारं माणूस प्रत्येक घरात एक असतंच. त्यांच्या नजरेआड उचला. अगदी चिमुकल्या जातींच्या पिल्लांशी मात्र हा हट्ट करू नका. जेवण चुकलं तर त्यांच्या रक्तातली साखर झपकन उतरते आणि ती गळून पडतात.

पाण्याचा वाडगा दिवसभर भरलेलाच हवा. शू कमी व्हावी म्हणून पाणी बंद करणारेही मला भेटलेत. त्यांच्याशी मी फार बोलत नाही.

तासांचा हिशोब

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते शू धरू शकतं, असा एक ढोबळ हिशोब सांगतात. लोक तो ऐकतात आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला बरोबर तीन तासांनी बाहेर काढतात. अहो, ती कमाल मर्यादा आहे, तीही पिल्लू शांत झोपलेलं असताना. जागं आणि खेळतं पिल्लू तासाभरात दोनदाही करतं. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर, खेळ थांबला की, आणि याखेरीज दर तासाला बाहेर. रात्रीही एकदा-दोनदा उठावं लागतं. हे कटकटीचं वाटत असेल तर पिल्लू आणू नका, मोठं, शिकलेलं कुत्रं दत्तक घ्या. मी हे रागाने म्हणत नाही, खरंच चांगला पर्याय आहे तो.

नाक घासणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ती सुधारायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

माझ्या मावसबहिणीकडे पिल्लू आलं. भाऊजी शिस्तीचे. घरात शू दिसली की मान धरायची, नाक त्या ओल्यात टेकवायचं, ‘हे काय आहे?’ म्हणून ओरडायचं आणि मग अंगणात नेऊन सोडायचं. काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. ‘अगं, बाहेर अर्धा अर्धा तास फिरतो, काही करत नाही. आत आला की गायब. आणि खोलीत वास येतोय, पण कुठे केलंय तेच सापडत नाही.’

मी गेले आणि आधी सोफा ओढायला लावला. सोफा आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत सगळं होतं, वाळलेलं आणि ताजंही. पिल्लाने त्या सगळ्या आरडाओरड्यातून एकच अर्थ काढला होता: या माणसाच्या देखत करायची नाही. अंगणात भाऊजी पट्टा धरून समोर उभे असायचे. मग तिथे तरी ते कसं करणार?

भाऊजींना हे पटेना. म्हटलं, ‘भाऊजी, पट्टा माझ्याकडे द्या आणि तुम्ही जरा आत जा.’ मी पट्टा सैल सोडला आणि पिल्लाकडे पाठ करून उभी राहिले. ते बराच वेळ दाराकडेच बघत होतं. दार लागल्याचा आवाज आला तशी मान वळवली, दोनदा गोल फिरलं, जमीन हुंगली आणि खाली बसलं. इतका वेळ बसलं की किती तास धरून ठेवली होती कोण जाणे. भाऊजी खिडकीतून बघत होते. ‘म्हणजे हा मला घाबरतो?’ ताई काही बोलली नाही, सोफा परत जागेवर सरकवायला लागली.

नंतर बाहेर न्यायचं काम ताईकडे दिलं आणि खायला द्यायचं भाऊजींकडे. ओरडणं बंद. सोफ्यामागची फट बंद केली. बऱ्याच दिवसांनी पिल्लू भाऊजींसमोरही करायला लागलं. नुसतं शिकवायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ हे विसरायला लावण्यात गेला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा पाडतो.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला नसला तरी त्याने चोरला असं मालकांना सांगून पाहिलं, आणि उलटही केलं. तो ‘अपराधी’ चेहरा चोरीवर अवलंबून नव्हता, मालक रागावला की दिसायचा. गुन्हा न केलेली कुत्री ओरडा खाल्ल्यावर उलट जास्तच अपराधी दिसली. तेव्हा तासाभरापूर्वीच्या शूसाठी पिल्लाला जाब विचारण्यात काही अर्थ नाही. दिसली, तर गुपचूप पुसा. करताना सापडलं, तर हलका ‘ए’ करा, उचला, बाहेर न्या. बाहेर झालं की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा एक कण. घरात परत येऊन डब्यातून खाऊ काढून दिलात तर ते बक्षीस घरात येण्याचं झालं. मी खाऊ खिशातच ठेवते. कपडे धुताना सापडतो, चालायचंच.

पुसलं म्हणजे वास गेला असं नाही

आपल्याला वास येत नाही म्हणजे त्याला येत नाही, असं नसतं. शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, म्हणून अमोनिया असलेल्या द्रवाने फरशी पुसणं म्हणजे ‘हीच जागा’ अशी पाटी लावणं. एन्झाइम असलेला क्लीनर मिळतो, तो ओतून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ तसाच राहू द्यायचा. लोक ओततात आणि लगेच पुसतात, मग म्हणतात उपयोग होत नाही. शूवर थेट ब्लीच तर मुळीच ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो.

पिल्लाला पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं करून देणारे आणखी एक. नजर ठेवता येत नसेल तर एक खोली, नाहीतर पट्टा तुमच्या कमरेला. क्रेट, म्हणजे पिल्लाला ठेवायचा पिंजरा, घेणार असाल तर त्यात उभं राहता, वळता आणि पसरता येईल एवढाच घ्या. मोठा घेतलात तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू. आणि तो शिक्षेची कोठडी म्हणून वापरायचा नाही.

शू-शीसाठी घरात अंथरायचे पॅड आणि कागद? मला आवडत नाहीत. पायाखाली जे असताना सवय लागते, तेच पिल्लू पुढे शोधतं, मग मऊ पॅडची सवय पायपुसण्यावर आणि गादीवर जाते. आजारी माणूस एकटं राहत असेल, उंचावरचं घर असेल, तर समजू शकते. नुसता आळस असेल तर नाही.

‘लसी होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही’ हे अर्धंच ऐकलेलं असतं. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जागी खाली सोडायचं नाही, हे खरं. लसींचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पण तोवर घरात कोंडायचं असं कुणी सांगितलेलं नाही. जिथे इतर कुत्री येत नाहीत असा अंगणाचा किंवा गच्चीचा कोपरा शू-शीसाठी धरा, आणि रस्ता, गाड्या, माणसं कडेवरून दाखवा. ओळखी करून घ्यायचं वय चौदाव्या आठवड्याच्या आसपास सरायला लागतं.

दूध आणि कॅल्शियम

दुसरं माझं नावडतं प्रकरण. ‘लहान आहे ना, दूध द्यायलाच हवं.’ कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असते. त्यात आईचं दूध सुटलं की लॅक्टोज पचवणारं एन्झाइमही कमी होत जातं. मग गाईच्या दुधाने पोट बिघडतं, शी पातळ होते, आणि पातळ शी धरून ठेवणं कुठल्याच पिल्लाला जमत नाही. घरचे म्हणतात, ‘ट्रेनिंग होत नाही.’ दूध बंद केलं की अर्धं ट्रेनिंग आपोआप होतं, असं मी वारंवार पाहिलंय. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाची गरज नसते. त्याहून लहान पिल्लू हातात आलं असेल तर पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती द्या.

कॅल्शियम पावडरचं तर विचारूच नका. मोठ्या जातीचं पिल्लू घेतलं की कुणीतरी ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून डबा आणून देतो. पहिले पाच-सहा महिने पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, आतड्यातून ते शोषलं जातंच. पिल्लांसाठीच्या संपूर्ण आहारात ते मोजून घातलेलं असतं. वरून पावडर घातली की मोठ्या जातींमध्ये हाडांची वाढच बिघडते. उलट नुसतं मांस खाऊ घालणाऱ्यांकडे फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि पाय वाकतात. घरचं शिजवून द्यायचं असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या, अंदाजाने नको.

खाणं बदलायचं तर आठवडाभर हळूहळू मिसळत बदला. पहिले काही दिवस ते आधी जे खात होतं तेच द्या, आवडो न आवडो तुम्हाला. कप भरून मोजू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा, आणि पाकिटावरचा तक्ता आत्ताच्या वजनाचा आहे की मोठं झाल्यावरच्या, ते नीट वाचा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. पोट ढोलासारखं आणि बरगड्या उघड्या असतील तर ते धष्टपुष्ट नाही, बहुधा जंत आहेत. जंत आईकडूनच येतात, म्हणून औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात.

द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री काहीही, शिजवलेली हाडं: नाही. ‘थोडंसं’सुद्धा नाही.

आणि हो, सगळं वेळेवर करूनही थेंब थेंब, दर दहा मिनिटांनी शू होत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, तपासून घ्या. तुम्ही घरी आल्यावर आनंदाने किंवा वाकून हात लावताना होणारी शू वेगळी. तिथे रागावलात तर वाढते. बाजूला बसा, बघू नका, वयाबरोबर बहुतेकांची जाते. उलट्या, रक्ताची शी आणि खाणं बंद, असं एकत्र दिसलं तर मला फोन करत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे.