कान ठीक, पण बोलणं कळंना? मग हे करून बगा

आमच्या पोराचा ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासल्याचा रिपोर्ट, एकदम नॉर्मल, तरी गोंगाटात निम्मं बोलणं त्याला कळंना, पंधरा म्हटलं की पन्नास ऐकतंय. म्हणजे भानगड कानात नाही, आलेला आवाज मेंदूत उलगडण्यात.

अँड्रॉइडवर गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राईब फुकट आहे, बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून येतंय. सेटिंगमध्ये पहिली भाषा मराठी, दुसरी कन्नड ठेवा, बेळगावच्या खडेबाजारात एकाच वाक्यात दोन्ही चालतात ना, आणि समोरचा भाषा बदलला की तुम्ही पण बदला, नाहीतर उळ्ळागड्डीचं, म्हणजे कन्नडातल्या कांद्याचं, काहीतरी भलतंच उमटतंय (आमच्यात त्यावरून रोज हसणं). फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर लांब धरा, फॅनखाली नको. मजकूर सेव्ह करायचा ऑप्शन चालू केला तर तीन दिवस राहतोय.

वर्गात मात्र रिमोट माइक भारी. सरांच्या कॉलरला छोटा माइक, आवाज थेट पोराच्या कानातल्या रिसीव्हरला, मधला कालवा बराच कमी. महाग पडतंय, म्हणून ऑडिओलॉजिस्टकडं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडं, आधी ट्रायल घ्या. बाजारातलं नुसतं आवाज वाढवणारं स्वस्त मशीन घेऊ नका, त्यात गोंगाट पण तेवढाच वाढतोय.