जुन्या कॅम्पर व्हॅनचा गंज: कोकणात या चुका टाळा

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे कोकणातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. गाडीच्या पत्र्यावर बसलेल्या मिठाचंही तेच होतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की आपोआप ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणजे दापोली, गुहागर किंवा वेंगुर्ल्याला उभी असलेली गाडी वरून कितीही कोरडी दिसली, तरी जिथे मीठ अडकलंय तिथला पत्रा वर्षातला बहुतेक काळ ओलाच असतो. जुनी ट्रॅव्हलर, विंगर किंवा ओम्नी घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करणारे बरेच जण आतल्या फर्निचरवर महिना घालवतात आणि खालच्या गंजावर एक दुपार. पुढच्या बहुतेक चुका त्या एका दुपारच्या घाईतून होतात.

गंजावरच डांबर मारणं

सगळ्यात जास्त गाड्या या चुकीने जातात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पाऊस तोंडावर. गाडी रॅम्पवर चढते, खालून पाण्याचा फवारा बसतो, तासाभरात वाळली न वाळली की काळ्या अंडरकोटिंगचा जाड थर. संध्याकाळी गाडी खालून नवी दिसते आणि मालक निश्चिंत होतो.

आत काय चाललंय ते बघा. थराखाली जुना गंज तसाच आहे, गंजाच्या खड्ड्यांत मीठ आहे आणि फवाऱ्याचं पाणीही आहे. पावसाळ्यात चाकांनी उडवलेली खडी थरावर आपटते, सांध्यांवर बारीक चिरा पडतात, त्यातून पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे थर आतून उचलला जातो. नारळी पौर्णिमेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. दिवाळीत बोटाने दाबलं तर जागा मऊ लागते, स्क्रू ड्रायव्हर घातला की काळी साल हातभर लांब निघून येते. ती आतून ओली असते आणि तिच्या पाठीला पत्र्याच्या तपकिरी खपल्या चिकटलेल्या असतात. तोच गंज उघडा राहिला असता तर जूनमध्येच नजरेस पडला असता.

दुसरं नुकसान भोकांचं. दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीच्या, तळाशी पाणी निघून जायला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. काचेच्या रबरावरून दरवाज्यात पाणी उतरतंच, ते तिथून बाहेर पडायला हवं. अंडरकोटिंगने भोकं बुजली की पाणी आत साठतं आणि दरवाजा खालच्या कडेपासून कुजत वर येतो. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर त्याच दिवशी भोकं मोकळी करा. 3 मिलिमीटरची तार पुरते.

थर आधीच मारलेला असेल तर सगळा उपटू नका. जिथे घट्ट बसलाय तिथे राहू द्या. जिथे फुगलाय, मऊ लागतोय किंवा कडा सुटलीये, तिथे हीट गनने गरम करून स्क्रॅपरने काढा. ग्राइंडर लावाल तर डांबर वितळून सगळीकडे पसरेल. ब्लो लँप तर वापरूच नका, वरती वायरिंग, डिझेलची नळी आणि तुमचं इन्सुलेशन आहे.

मीठ न काढता प्रायमर

वायर ब्रश फिरवला, पत्रा चकाकला, म्हणजे गंज गेला असं समजणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. ग्राइंडरवरचा वायर ब्रश गंज पुष्कळदा नुसता घासून गुळगुळीत करतो आणि खड्ड्यांच्या तळाशी मीठ तसंच राहतं. त्यावर प्रायमर मारला की ते मीठ रंगातून पाणी ओढतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात.

क्रम असा ठेवा. सुटे पोपडे हातोडीने ठोकून पाडा. मग स्ट्रिप डिस्क, कोपऱ्यात 80 नंबरचा पॉलिश पेपर. फ्लॅप डिस्क जपून वापरा, ती आधीच पातळ झालेला पत्रा आणखी खाते. यानंतर गोड्या पाण्याने, जमल्यास गरम, नायलॉनच्या ब्रशने घासून तीनदा धुवा. वाळवा आणि रात्रभर तसंच सोडा. ही एक रात्र कुणालाच द्यायची नसते, पण खरं उत्तर तीच देते. सकाळी टॉर्च लावून जवळून बघा. सगळ्या पत्र्यावर हलकी भगवी छटा आली असेल तर चालेल, ती पेपर मारून जाते. पण खड्ड्यांत टाचणीच्या डोक्याएवढे काळपट, ओलसर ठिपके दिसले, तर तिथे मीठ आहे. पुन्हा घासा, पुन्हा धुवा. तीन-चार फेऱ्या लागल्या तरी घाई करू नका.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं रसायन, फक्त न निघणाऱ्या गंजासाठी आहे. फॉस्फोरिक ॲसिडचा असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ ठेवून धुवा आणि पूर्ण वाळवा. उरलेल्या ॲसिडवर इपॉक्सी धरत नाही. टॅनिक ॲसिडचा असेल तर तो निळसर काळा होतो, त्याला 24 तास द्या.

प्रायमर इपॉक्सीचाच घ्या, दोन भागांचा. रेड ऑक्साइड घराच्या ग्रिलला ठीक आहे, गाडीच्या तळाला नाही, त्यातून पाणी झिरपतं. हार्डनर डब्यावरच्या मापाने मिसळा, अंदाजाने नाही. मिसळल्यावर 15 ते 20 मिनिटं थांबा. आधी वेल्डिंगचे सांधे, कडा आणि बोल्टांभोवती ब्रशने घासून एक हात द्या, मग सगळीकडे दोन हात. दोन हातांचे रंग वेगळे ठेवा, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते. ब्रशने 1 लिटरमध्ये एका हाताला 6 ते 8 चौरस मीटर होतं. हा थर कडक झाल्यावर हवं तर वरून रबराचं अंडरकोटिंग मारा, त्याची जागा तिथे आहे.

आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर इपॉक्सी मारू नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा, किमान 3 अंश जास्त हवं. कोकणात याचा सरळ अर्थ असा की हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या मध्ये करायचं. सकाळी दव असतं आणि संध्याकाळी उशिरा मारलेल्या रंगावर तेच दव पुन्हा बसतं.

आणखी एक घोटाळा फक्त आपल्याकडे होतो. जांभ्याच्या मातीचा लाल रंग आयर्न ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. मडगार्डच्या आत ही माती बसली की माती कुठे संपते आणि गंज कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळत नाही. लोक गंजाला माती समजून सोडून देतात. वर ती माती ओल धरून ठेवते ते वेगळंच. मडगार्डच्या दुमडलेल्या कडेत बोट घालून माती काढा, धुवा आणि मगच गंजाचा अंदाज घ्या.

आंबट वासाचं सिलिकॉन

छतावर पंखा किंवा सोलर पॅनलचं ब्रॅकेट बसवताना काचवाल्याच्या दुकानातून आणलेली सिलिकॉनची नळी लावतात. नळी दाबल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती गाडीला लावू नका. ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि कापलेल्या पत्र्याची उघडी कड त्याच ॲसिडने गंजायला लागते. वरून सील छान दिसतं, खाली भोकाभोवती गंजाची कडी तयार होते. वर्ष-दोन वर्षांनी छताच्या आतून तपकिरी ओघळ उतरतो तेव्हा कळतं. त्या वेळी सिलिकॉन काढणंही कठीण, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागेवर कुठलाच रंग बसत नाही.

पॉलीयुरेथेन सीलंट वापरा. भोक पाडल्यावर कड कानसीने साफ करा, कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या, वाळू द्या, मगच सीलंट. ड्रिलचा किस त्याच दिवशी चुंबकाने गोळा करा. छतावर राहिलेला एकेक कण दवाच्या दोन रात्रींत गंजाचा डाग पाडतो.

प्लायच्या मागची ओल

भिंतींत ग्लासवूल भरून वर प्लाय ठोकणं थंड कोरड्या प्रदेशात चालत असेल. इथे आत एसी लावला की पत्रा गार पडतो आणि बाहेरची दमट हवा जिथे जिथे फटीतून आत शिरते तिथे त्याच्यावर पाणी धरते. आत स्वयंपाक केला तर वाफ आहेच. ग्लासवूल ते पाणी शोषून पत्र्याला लावून ठेवतं. पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम, नायट्राइल रबरचा किंवा एक्सएलपीई (एक प्रकारचं पॉलिइथिलिन) चा, पत्र्याला पूर्ण चिकटवून लावा, मागे पोकळी राहता कामा नये. फक्त खांबांच्या आणि सिलच्या पोकळ पेट्या फोमने भरू नका. तिथे पोकळीचं मेण (कॅव्हिटी वॅक्स) मारा, 360 अंशांत फवारणाऱ्या लांब नळीने. मेण मारायच्या आधी आणि नंतर तळाची भोकं मोकळी आहेत का बघा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

जळकं इंजिन ऑइल खालून फासू नका: रबराचे बुश फुगतात, धूळ चिकटते, पुढे रंग बसत नाही आणि पावसात ते शेजारच्या विहिरीकडे जातं. डिझेलचा फवाराही तसाच.

पावसाळ्यात ताडपत्री गुंडाळून ठेवू नका. वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या अशी शेड हवी.

एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिला मीठ लावणं. जिभेवर थेंब घेऊन बघा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून आलात, मासळीच्या टेंपोमागून दूरवर आलात, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने 15 मिनिटं साध्या नळीने धुवा. प्रेशर वॉशर पोकळ पेट्यांमध्ये मारू नका. वाळूत गाडी घालून लाटेच्या कडेने फिरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: ते पाणी चॅसिसच्या पेटीत शिरतं आणि बाहेरच्या धुण्याने निघत नाही.

भोकावर पुट्टी भरू नका. पुट्टी पाणी शोषते.

कुठे थांबायचं

बोथट स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ, सीटबेल्टच्या बोल्टांजवळ, जॅक लावायच्या जागी आणि ब्रेकच्या नळ्यांच्या क्लिपांपाशी जोर देऊन टोचा. पाते आत गेलं, तर कन्व्हर्टर, फायबर, पुट्टी यांतलं काहीही तिथे लावू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा सलग वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा आणि आतलं इन्सुलेशन व प्लाय काढा. वेल्डिंग थंड झाल्यावर बाहेरून इपॉक्सी आणि सीम सीलर (सांधे बुजवायचा सीलंट) लावा, आतल्या बाजूने मेण मारा. पेटीच्या आतला रंग वेल्डिंगच्या उष्णतेने जळून गेलेला असतो आणि पुढचा गंज तिथूनच येतो, म्हणून आतलं मेण विसरलेल्या वेल्डरला पैसे देण्याआधी गाडी पुन्हा रॅम्पवर चढवा.