रस्त्यावर राहणाऱ्यांच्या कुत्र्या-मांजरांची पावसाळ्याआधी सोय कशी करावी

एसटी स्टँडच्या आडोशाला, रेल्वे स्टेशनबाहेर किंवा जेटीवर झोपणाऱ्या माणसाच्या पायाशी कुत्रा असेल, तर आधी बोलायचं ते माणसाशी. "मावशी, नाव काय ह्याचं? खातो काय?" इथून सुरुवात करा. 'याला चांगलं घर बघू' हे तर अजिबात बोलू नका. कुत्रा नेतील या धास्तीने माणूस जागाच सोडतो.

लसीकरणाला एप्रिलअखेर लागा. लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस पहिल्या खेपेला 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते. मृग तोंडावर आल्यावर धावपळ करून काय उपयोग? रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी. डॉक्टरांनाच जागेवर आणा. 1962 या सरकारी पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून फिरतं पथक येईल का विचारा. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मालकाकडे द्या, फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. गळ्यात पट्टा हवाच, नाहीतर कुत्री पकडणाऱ्या गाडीला तो बेवारस वाटतो.

जंताचं औषध वजनावर ठरतं. माणसाला कुत्रा उचलून वजनकाट्यावर उभं करा, मग एकट्याला. फरक म्हणजे कुत्र्याचं वजन. उरलेल्या गोळ्या माणसाच्या हाती ठेवू नका. आणि तापावरची पॅरासिटामॉल मांजराला कधीच नको, अर्धी गोळीही जिवावर बेतते.

खायला भात आणि उकडून काटे काढलेला बांगडा चालतो. कांदा-लसणाचं कालवण नको. सुकी मासळी खारट, ती भिजवून पाणी ओतून टाका. जेटीवर जाळ्यातून फेकलेल्या केंड माशाला कुत्रं तोंड लावणार नाही, एवढं बघा. तो विषारी असतो.

झोपायची जागा हे खरं काम. गोणपाट पाणी शोषून घेतं, वाळत नाही आणि दोन दिवसांत कुबट होतं. त्याऐवजी मासळीचा थर्माकोलचा खोका घ्या, साबणाने धुवा, मांजराला जाईल एवढं भोक पाडा, विटांवर चार-पाच इंच उचलून ठेवा. आत सुका पेंढा भरा, ओला झाला की बदला. कुत्रा थर्माकोल कुरतडून गिळतो, म्हणून त्याला विटांवर फळी टाका आणि वर ताडपत्री बांधा.

पावसात लहान जखमेतही माश्या अंडी घालतात आणि दोन दिवसांत किडे पडतात. कान, शेपटीखाली, पट्ट्याखाली रोज बघायला मालकाला शिकवा. किडे दिसले की दवाखाना. फिनेल ओतू नये, त्याने कातडी भाजते. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवून सरकारी रुग्णालय गाठा.

एक गोष्ट पावसाच्या आधीच ठरवून घ्या: मावशींना ताप आला, दाखल व्हावं लागलं, तर कुत्रा कोणाकडे राहील? टपरीवाला, जेटीवरची बाई, तुम्ही स्वतः, कोणीतरी नक्की हवं, आणि ते मावशींना माहीत हवं. नाहीतर कुत्र्यापायी त्या दवाखान्यात जातच नाहीत.