पंचगंगेचं पाणी तपासताना या चुका टाळा

ऑगस्टमध्ये बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरला म्हणून कोल्हापूरची पंचगंगा सुधारली, असं लिहायची घाई करू नका. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात, पाणी जवळपास थांबलेलं असतं आणि नाल्यांतून येणारं सांडपाणी तिथंच साचतं. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, नदी दुथडी वाहते. सांडपाणी कमी झालेलं नसतं, फक्त ते कितीतरी जास्त पाण्यात मिसळतं.

म्हणून आकड्याशेजारी प्रवाह लिहा. समजा, बीओडी लिटरला १० मिलिग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर आहे. नदी सेकंदाला ५० ग्रॅम प्रदूषणाचा भार वाहते. बीओडी २ वर आला, पण प्रवाह ५०० घनमीटर झाला, तर तोच भार १ किलो होतो. आंघोळीच्या पाण्यासाठीची ३ मिलिग्रॅमची मर्यादा पाळली गेली, तरी भार वीसपट वाढलेला असतो. बरगे घातलेले की काढलेले, हे बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलंच पाहिजे. माझ्या मते कोल्हापुरात ही नोंद तारखेइतकीच महत्त्वाची आहे.

पहिल्या पावसाचा नमुना अख्ख्या पावसाळ्याच्या नावावर टाकू नका. गटारं आणि रानं धुऊन निघतात, त्यामुळं तो बहुधा फार वाईट येतो. तो वेगळा ठेवा. बरगे काढल्यावर साचलेलं पाणी एकदम खाली शिरोळकडं जातं, तेव्हाचे नमुनेही वेगळेच. हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू आहे का, तेही नोंदवा.

रंकाळा तलावावर वेळेची चूक महागात पडते. शेवाळ माजलं असेल तर दुपारी विरघळलेला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे अगदी कमी होतो. मासे मरतात ते पहाटे. दर वेळी एकाच वेळेला नमुना घ्या, शक्य असेल तर सूर्योदयापूर्वीही एक घ्या. पाण्याचं तापमानही जागेवरच मोजा: २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच.

काठावरून तवंगासकट पाणी भरू नका. प्रवाहाच्या मध्यावर, पृष्ठभागाखाली फूटभर बाटली बुडवा. नाल्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना नाल्याचाच असतो. नाल्याच्या वर एक आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली एक, अशी जोडी हवी.

ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं जागेवरच घाला. बीओडीची बाटली बर्फात, अंधारात न्या. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी ठेवा आणि सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. रविवारी प्रयोगशाळा बंद असेल तर शनिवारी संध्याकाळी नमुने घेऊच नका.