दिवाळीच्या किल्ल्यावरून ५४ मिलिमीटरच्या बारगिराकडे

दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे कोल्हापुरातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. त्यांतलाच रंग उडालेला एक मावळा पुन्हा रंगवताना मला या छंदाची गोडी लागली. ऐतिहासिक लघुमूर्ती रंगवू इच्छिणाऱ्यांनी पहिली मूर्ती ५४ मिलिमीटरची, म्हणजे साधारण १/३२ प्रमाणातली घ्यावी, कारण पटावरील युद्धखेळांसाठी प्रचलित असलेल्या २८ मिलिमीटरच्या मूर्तीत चेहरा इतका लहान असतो की नवख्याचा हात तेथे हमखास हरतो.

रेझिनची मूर्ती प्रथम कोमट साबणाच्या पाण्याने धुवावी, अन्यथा साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर रंग धरू देत नाही. त्यानंतर साच्याच्या सांध्याची रेघ पात्याने खरवडून अस्तराचा (प्राइमरचा) हात द्यावा. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. एकाच जाड हाताने घड्या आणि बोटे बुजतात, हे मला पाच-सहा मूर्ती बिघडवल्यावर उमगले. अगदी बारीक ब्रशांचा संच घेण्याचा मोह टाळावा. शून्य किंवा एक क्रमांकाचा, टोक शाबूत असलेला एकच चांगला ब्रश पुरतो, कारण त्याच्या पोटात रंग राहतो, तर अतिबारीक ब्रशावरचा रंग मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो.

डोळ्यांबाबत मी कुंभार गल्लीतील मूर्तिकारांकडे पाहून शिकलो, पण त्यांचा क्रम मात्र घेतला नाही. गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी अखेरीस होते. लघुमूर्तीत मात्र डोळे आधी रंगवलेले बरे, कारण चुकलेली रेघ त्वचेच्या रंगाने आत दाबता येते आणि पूर्ण झालेला फेटा किंवा दाढी खराब होत नाही. मूर्तिकारांची करंगळी टेकवून हात स्थिर करण्याची रीत मात्र मी जशीच्या तशी उचलली.

खरा कस कापडात लागतो. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन येत असे, बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे, पण आजच्या अर्थाचा एकसारखा गणवेश त्या घोडदळाला नव्हता. म्हणून दहा स्वार एकाच भगव्या रंगात रंगवणे मला खटकते. विल्यम पर्किनने पहिला प्रसिद्ध कृत्रिम कापडरंग १८५६ साली शोधला, त्यापूर्वीचे रंग नीळ, मंजिष्ठा, हळद अशा वनस्पतींतून किंवा लाखेसारख्या पदार्थांतून येत. त्यामुळे शिवकालीन अंगरख्याला झगझगीत पोपटी रंग देण्यापूर्वी थोडे थांबावे. पांढऱ्या कापडासाठी शुद्ध पांढरा केवळ घडीच्या कडेवर ठेवून बाकी भाग दुधाळ, आणि सावली तपकिरी झाक असलेल्या राखाडी रंगाने करावी. इतक्या लहान आकारात उजेड आपसूक पुरेसा पडत नाही, सावलीसुद्धा रंगवूनच दाखवावी लागते.

एका जुलैत घाईने मी पाच मूर्तींवर स्प्रेचे मॅट वॉर्निश मारले. आपल्याकडच्या पावसाळी हवेतील ओलाव्याने त्यावर पिठासारखा पांढुरका थर आला आणि महिनाभराचे काम झाकोळले. तेव्हापासून पावसाळ्यात मी केवळ ब्रशाने रंगकाम करतो आणि स्प्रेचा डबा हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, बाहेर काढतो.